यॉर्कची रंगीत तालीम

एक दिवस आरामात घालवायचा, एवढंच ठरवायला आमच्या घरी अख्खा उन्हाळा लागला.

तसं बघायला गेलं तर बेत साधा होता. सप्टेंबरात सासूबाईंना भारतात सोडायला माझी बायको सुलेखा आणि मी जाणार होतो. वाटेत लंडनला विमान बदलायचं होतं. लंडनहून आगगाडीने यॉर्क गाठायचं, रात्री मुक्काम, दुसऱ्या दिवशी सावकाश भटकायचं, चहा प्यायचा, आणि पुढचं विमान पकडायचं. सासूबाई, म्हणजे शोभनाताई, अकोल्याच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवत होत्या. इंग्लंडला पुस्तकात जेमतेम एक पान होतं, पण त्या ते आठवडाभर शिकवायच्या. दर वर्षी फळ्यावर खडूने यॉर्क शहराची तटबंदी काढायच्या आणि शिपाई पुसायला आला की म्हणायच्या, "राहू दे उद्यापर्यंत." त्या तटावरून एकदा स्वतःच्या पायांनी चालायचं, एवढीच त्यांची इच्छा. अमेरिकेत आल्यावर आम्ही त्यांना नायगरा दाखवला. तो बघून त्या म्हणाल्या, "छान आहे. पण नुसतंच पाणी."

अडचण होती उजव्या गुडघ्याची.

"आई, त्या तटावर चढायला उंच दगडी पायऱ्या आहेत," सुलेखा म्हणाली. "आणि वर एका बाजूला कित्येक ठिकाणी कठडाच नाही. मी व्हिडिओ बघितलेत. तू हॉटेलमध्ये मस्त आराम कर. आम्ही फोटो काढून आणतो."

"फोटो मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतेय."

"मग खालून बघ. व्हीलचेअर घेऊ."

"तट खालून बघायला मी काय शत्रू आहे?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा टेस्ट लीड आहे. न तपासलेली वस्तू ग्राहकाच्या हातात द्यायची नाही, हे सांगण्याचा मला पगार मिळतो, आणि घरी मी ते फुकट सांगतो. मी म्हणालो, "आपण ड्राय रन करू या. अख्खा यॉर्कचा दिवस इथेच, न्यू जर्सीत, आपल्या वेस्ट विंडसरमध्ये. मग काय ते कळेलच."

"म्हणजे रंगीत तालीम," आई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकले. "परीक्षक कोण?"

"मी," सुलेखा म्हणाली.

अटी ठरल्या. कुणाचा हात धरायचा नाही. ठरलेल्या विश्रांतीखेरीज कुठे बसायचं नाही. पास झाल्या तर तट, नापास झाल्या तर हॉटेल. मायलेकींनी हातात हात देऊन मान्य केलं.

"पण प्रतापराव," आई मला म्हणाल्या, "पेपर सोपा काढायचा नाही हं."

चाचणीपूर्व तयारी
अपेक्षित निकाल: चार माणसं, एक गाडी, एक थर्मास.

आमच्या शेजारचा विक्रम हा इंग्लंडचा तज्ज्ञ. हीथ्रोवर त्याचं विमान एकदा रात्रभर अडकलं होतं. तेव्हापासून त्याची वाक्यं "मी इंग्लंडला असताना" अशी सुरू होतात. तालमीसाठी मी काढलेला नकाशा त्याने पाहिला आणि मान हलवली.

"रेनकोट कुठायत?"

"ऑगस्ट आहे, विक्रम. बाहेर माणूस भाजून निघतोय."

"टेस्टिंगवाला तू ना? प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या यॉर्कमध्ये पाऊस आहे, मग टेस्टमध्ये पाऊस नको? यार, बेसिक आहे हे."

हे वाक्य मीच ऑफिसात दर सोमवारी बोलतो. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार वाईट.

गावाजवळच्या कालव्याशी गाडी लावायला जागा असते का, हे विचारायला मी आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी लतिकाला फोन केला. फक्त एवढंच विचारलं. तिने "कशासाठी?" विचारलं आणि मी सांगितलं. मंडळाच्या सेक्रेटरीला कशासाठी ते सांगायचं नसतं. तासाभरात मंडळाच्या ग्रुपवर मेसेज झळकला:

*शनिवारी सकाळी यॉर्क दर्शन!! मार्गदर्शक: शोभनाकाकू (इतिहास). रेनकोट अनिवार्य. अल्पोपहार आपापला आणून सर्वांना द्यावा.*

खाली उत्तरांची रांग. *आम्ही चार. जैन ऑप्शन आहे का? कधी परत? किड्स अलाउड?* कुणीतरी विचारलं, *पासपोर्ट लागेल का?* लतिकाने उत्तर दिलं, *जवळ असलेला बरा.*

शनिवारी सकाळी आमच्या दारात तीसेक माणसं रेनकोट घालून उभी होती. आकाश निळंशार. समोरच्या घरातल्या अमेरिकन आजीबाईंनी आमच्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि निमूटपणे अंगणातल्या खुर्च्या आत नेल्या.

"बाबा, धिस इज सो एक्स्ट्रा," आमची सिया म्हणाली. ती पुढच्या आठवड्यात ॲन आर्बरला कॉलेजला जाणार होती आणि हा दिवस तिला वाटेत आडवा आला होता. "आजी फक्त चालणार होती ना?"

"चालणारच आहे."

"देन हू आर ऑल दीज पीपल?"

त्यांत जर्सी सिटीहून पहाटेची गाडी पकडून आलेले प्रल्हादकाका होते. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, भरघोस मिशांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. गळ्यात कापडी पिशवी. पिशवीत पासपोर्ट.

चाचणी: अरुंद गल्ली
अपेक्षित निकाल: आई गर्दीच्या गल्लीतून न थांबता जातात.

यॉर्कमध्ये एक जुनी गल्ली आहे. दोन्हीकडची घरं पुढे झुकून जवळजवळ एकमेकांना टेकतात. असं ठिकाण न्यू जर्सीत शोधायला मला फार वेळ लागला नाही. शनिवारच्या सकाळी आपल्या इंडियन ग्रोसरीतला पिठांचा विभाग. डावीकडे कणकेची पोती, उजवीकडे तांदळाची पोती, मधून एक ढकलगाडी कशीबशी जाते आणि समोरून नेहमी दुसरी येते.

आई पदर खोचून आत शिरल्या. खांदे आवळून, एकदाही न थांबता पलीकडे निघाल्या. सुलेखाने फोनवर काहीतरी टिपलं. पहिली चाचणी पास.

पण मागून येणारी तीस माणसं रिकाम्या हाताने कशी जाणार? लतिकाला ताजी गवार दिसली. मग वालपापडी. मग कुणीतरी ओरडलं की मोदकाच्या उकडीचं पीठ आलंय, आणि गणपती तोंडावर. यॉर्कची गल्ली संपेचना. मालक काउंटरमागून बाहेर आला. "क्या तूफान आ रहा है?" त्याने गुजराती वळणाच्या हिंदीत विचारलं. "पानी का स्टॉक निकालूं?"

"नहीं, यॉर्क जा रहे हैं," प्रल्हादकाका म्हणाले.

"ऐसे? पैदल?"

मी सर्वांना बाहेर काढायला आत वळलो, तेवढ्यात वरच्या फळीवरून कणकेची एक पिशवी माझ्या डाव्या पायावर उतरली. जोराने नाही, वजनाने. मी ओरडलो नाही. आजूबाजूला ओळखीची माणसं असली की मी ओरडत नाही. विक्रम म्हणाला, "मल्टिग्रेन आहे, हेल्दी," आणि पिशवी परत वर ठेवली.

त्यात ज्यांनी फ्रोझन पराठे घेतले होते ते म्हणाले, आधी घरी ठेवून येतो. यॉर्कची अर्धी फौज डीप फ्रीझरकडे रवाना झाली. आई गाडीत बसून वाट बघत होत्या. ही विश्रांती ठरलेली आहे का, असं त्यांनी सुलेखाला आधी विचारून घेतलं होतं.

चाचणी: तटावरची वाट
अपेक्षित निकाल: आई कठड्याविना एका बाजूने सरळ चालतात. पाऊस पडतो.

आमच्याकडे तट नाही, पण कालवा आहे. काठाने मातीची सपाट पायवाट जाते. एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, थेट पाणी. मला या निवडीचा आजही अभिमान आहे.

पावसाची जबाबदारी विक्रमने घेतली. त्याच्या घरात एक कढीपत्त्याचं झाड आहे. थंडीत ते दिवाणखान्यात राहतं आणि उन्हाळ्यात डेकवर जातं. त्याला पाणी मारायची फवाऱ्याची बाटली तो घेऊन आला होता. आईंच्या दोन पावलं मागून चालत तो दर थोड्या अंतराने फुस्स करायचा.

"विक्रम," आई वळून म्हणाल्या, "पाऊस वरून पडतो रे."

"काकू, मी इंग्लंडला असताना पाऊस आडवाच होता."

पुढे कॅनडाच्या हंसांचा कळप वाटेवर बसलेला होता. यॉर्कच्या नदीकाठीही अशीच मंडळी असतात असं मी वाचलं होतं, त्यामुळे मला आनंदच झाला. टेस्टिंगमध्ये आपोआप खरी परिस्थिती मिळाली की किती बरं वाटतं हे बाहेरच्यांना कळायचं नाही. तो आनंद मी माझ्या लाल रेनकोटात व्यक्त करत होतो. हंसांना लाल रंगाचं काय वावडं असतं मला ठाऊक नाही. सर्वांत मोठा उठला, मान आडवी केली आणि माझ्याकडे निघाला. माझा डावा पाय कणकेने निकामी झाला होता. उजव्या पायावर मी जेवढं पळू शकत होतो तेवढं पळालो. मागे सिया हसत हसत व्हिडिओ काढत होती. तो आमच्या ऑफिसापर्यंत कसा पोचला ते मी शोधतो आहे.

तेवढ्यात आवाज आला.

"ए! रांगेत!"

आई छत्री जमिनीवर आपटून उभ्या होत्या. नववी ब ला गप्प करणारा तो आवाज मी लग्नात एकदा ऐकला होता, केटररवर. हंस थबकले. मोठा हंस क्षणभर विचारात पडला आणि मान खाली घालून पाण्यात उतरला. बाकीचे एकामागोमाग. खरंच रांगेत.

कालव्याकाठी टाळ्या वाजल्या. आई पुढे चालू लागल्या, पाठ ताठ, नजर समोर, कुणाचाही हात न धरता. सुलेखाने फोनवर टिपलं, आणि मी पाहिलं, तिला हसू आवरत नव्हतं.

चाचणी: चहा
अपेक्षित निकाल: चहा.

प्रत्यक्षात बटाटेवडे, साबुदाण्याची खिचडी, सँडविच, चकल्या, आणि लतिकाने घरी केलेले इंग्लिश स्कोन. स्कोन म्हणजे वाढलेली, रुसलेली नानकटाई. प्रल्हादकाकांनी एक चहात बुडवला. चहा संपला, स्कोन तसाच राहिला. चहा मात्र कुणीच आणला नव्हता. म्हणजे काकांनी तो कुठून आणला, हे कळलं नाही.

चाचणी: चर्च
अपेक्षित निकाल: आई उंच इमारतीकडे मान वर करून बघतात आणि त्यांना चक्कर येत नाही.

प्रिन्स्टनमध्ये एका जुन्या कॉलेजच्या आवारात दगडी प्रार्थनागृह आहे. यॉर्कच्या मोठ्या चर्चपुढे ते बाळ आहे, पण घराणं तेच. आईंनी मान वर केली. चक्कर आली नाही. त्याऐवजी त्या बोलू लागल्या. रोमन सैन्याने यॉर्कमध्येच आपल्या नव्या बादशहाचा जयजयकार केला होता. मग लांबलचक होड्यांतून उत्तरेकडचे लोक आले आणि त्यांनी गाव घेतलं. शहर पडलं, उठलं, पुन्हा पडलं, आणि दर वेळी लोकांनी तोच तट डागडुजी करून पुन्हा उभा केला. "पाडणारे विसरले जातात," त्या म्हणाल्या, "गवंडी कुणी लक्षात ठेवत नाही हे खरं, पण भिंत राहते."

त्या मराठीतून इंग्रजीत कधी शिरल्या ते कुणाला कळलं नाही, पण आमच्या घोळक्यात आता पाच-सहा खरे अमेरिकन पर्यटक मिसळले होते. त्यांतला एक तरुण बायकोच्या कानात काहीतरी बोलून हसला.

"यू. इन द बॅक. टेल अस ऑल्सो."

तो सरळ उभा राहिला. "सॉरी, मॅम."

मग सुरक्षा अधिकारी आला. उंच, नम्र, घामाघूम. रेनकोटवाल्यांकडे बघून त्याला आणखी घाम फुटला असावा. त्याने मला विचारलं, हे सगळे कोण?

"फॅमिली," मी म्हणालो. सवयीने निघून गेलं.

"सगळे?"

मी ते पर्यटक वगळले. तो म्हणाला, गाइडसोबत मोठा ग्रुप आणायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि उत्तर यायला काही दिवस लागतात. मी सांगितलं की ही टूर नाही, टेस्ट आहे. कसली? यॉर्कची. त्याने ते वॉकीटॉकीवर जसंच्या तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ खरखर आली. मग प्रश्न आला: त्यांच्याकडे काही कागद आहेत का?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रल्हादकाका पुढे झाले. गळ्यातल्या पिशवीतून त्यांनी पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. अधिकाऱ्याने तो घेतला, उघडला, फोटो बघितला, मिशा बघितल्या, आणि आदराने परत दिला. "थँक यू, सर." मग आवाज न करता सर्वांना दहा-दहाच्या गटांत जायला सांगितलं आणि स्वतः पहिल्या गटाच्या मागे उभा राहून बादशहाचं पुढे काय झालं ते ऐकू लागला.

"बघा," काका दिवसभर भेटेल त्याला सांगत होते, "लागला की नाही?"

चाचणी: पायऱ्या
अपेक्षित निकाल: आई वर चढतात.

इथे एक चूक झाली आणि ती माझी होती. तटावर आधी चढतात आणि मग चालतात. मी आधी चालवलं आणि चढण शेवटी ठेवली, कारण स्टेशनजवळचं पार्किंगचं बहुमजली गॅरेज आमच्या परतीच्या वाटेवर होतं. सोयीच्या क्रमाने टेस्ट लावू नये, हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो.

गॅरेजचा जिना सिमेंटचा, उंच पायऱ्यांचा, आत कोंदट. आई चढू लागल्या. आम्ही सगळे खाली उभे. भिंतीला हात लावायची परवानगी होती. पहिला मजला. त्या थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा निघाल्या. दुसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडे पाऊल वर गेलं आणि तिथेच राहिलं. गुडघा वाकला. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा खाली आमच्याकडे, आणि पायरीवर बसल्या.

विक्रमच्या हातातली बाटली चुकून फुस्स झाली.

"बसले," आई म्हणाल्या. आवाज शांत होता. "नापास."

आणि मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"अहो, दोन पायऱ्यांचा प्रश्न आहे!" प्रल्हादकाका गरजले. "ग्रेस मार्क द्या!"

"ग्रेस! ग्रेस!" मागून.

"आधी रेनकोट काढून रीचेकिंगला टाकू," विक्रम म्हणाला. रेनकोट त्याचीच कल्पना होती हे तो विसरला.

"ज्यांना काकू पास वाटतात त्यांनी हात वर करा," लतिका म्हणाली आणि स्वतः दोन्ही हात वर केले.

"बाबा, ग्रेस मार्क म्हणजे काय?" सियाने विचारलं.

"कुणी थोडक्यात नापास होत असेल तर बोर्ड वरून एक-दोन मार्क देतं."

"सो लाइक, पिटी?"

"दया नाही गं. प्रेम. सरकारी प्रेम."

आईंनी हात वर केला. वर्ग गप्प झाला. "नोकरीत असताना मी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. आता स्वतः घेऊ? चला, खाली उतरते. हॉटेल चांगलं बघ गं सुलेखा, खिडकीचं."

सुलेखा जिना चढून आईच्या शेजारी जाऊन बसली. परीक्षकाने बसायचं की नाही, ही अट आम्ही घातली नव्हती.

"नववीत मला इतिहासात तेहतीस दिले होतेस," ती म्हणाली. "बाबा म्हणाले दोन दे. मुख्याध्यापक म्हणाले दोन दे. तू दिले नाहीस."

"तिसऱ्या पानिपतचं साल चुकवलं होतंस."

"आई, माणूस चुकतो."

"एकदा चुकला तर समजू शकते. एकाच पेपरात तिसरं पानिपत दोनदा झालं आणि दोन्ही वेळा वेगळ्या साली!"

खाली प्रल्हादकाकांनी मिशीत हसू दाबलं. सुलेखा आईकडे बघत होती. मला वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ दे, घेऊन जाऊ हिला वर, दोघे धरू. मला अगदी तसं म्हणावंसं वाटत होतं. टेस्ट लीडनेसुद्धा कधीतरी डोळे मिटायला हरकत नाही.

"नापास," सुलेखा म्हणाली.

लतिकाचे दोन्ही हात खाली आले.

"आता सांग," सुलेखा आईला म्हणाली. "दहावीत उडालेली मुलं आपल्या घरी रडत यायची. ओसरीवर बसायची. त्यांना तू चहा द्यायचीस आणि काय सांगायचीस?"

आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं रडताहेत. हसत होत्या.

"रडायचं नाही," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरला बसायचं."

त्या गॅरेजच्या जिन्यात असा आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजू लागला.

चाचणी: तिकिटं बदलणे
अपेक्षित निकाल: सप्टेंबरऐवजी ऑक्टोबर.

विमान कंपनीच्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हणालो, परीक्षा. कुणाची? माझ्या सासूबाईंची. त्यांचं वय? मी सांगितलं. बाई म्हणाल्या, एक मिनिट होल्ड करा, आणि पुढे बराच वेळ बासरी ऐकू आली. शेवटी तारीख मिळाली. व्हिसा ऑक्टोबरातही चालणार होता. दिवाळीच्या आत अकोला गाठता येणार होतं. सियाने ॲन आर्बरहून मेसेज केला, *टेल आजी टू स्टडी हार्ड.*

आई रोज सकाळी त्याच गॅरेजमध्ये जायच्या. पहिल्या दिवशी विक्रम सोबत गेला, सल्ला द्यायला. दुसऱ्या दिवशी आईंनी त्याला पुढे चढायला लावलं. तिसऱ्या दिवशी विक्रमला ऑफिसचा कॉल होता. मग फिजिओच्या सांगण्यावरून व्यायाम, मग सावकाश, मग रोज एक पायरी जास्त. ट्रेन पकडायला धावणारे लोक त्यांना "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणू लागले. चौकशीअंती कळलं, त्यांतल्या एकाला त्यांनी रोमन बादशहांचा क्रम पाठ करायला दिला होता.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. सुलेखा रोज ऑफिसला जायच्या आधी त्या गॅरेजमध्ये गाडी लावायची, खालच्या मजल्यावर, जिन्याचं दार दिसेल अशा बेताने. आई बाहेर येईपर्यंत थांबायची आणि मगच निघायची. तिचं ऑफिस उलट दिशेला आहे.

यॉर्क
अपेक्षित निकाल: लिहिला नव्हता.

आम्हा तिघांचेही रेनकोट न्यू जर्सीत, आमच्या गाडीच्या डिकीत राहिले. यॉर्कमध्ये पाऊस होता. आडवा. विक्रमचं म्हणणं खरं ठरलं आणि मी ते त्याला कधीही सांगणार नाही.

दुपारी पाऊस थांबला. पायऱ्या ओल्या, खडबडीत, दगडी. आमच्या गॅरेजपेक्षा उंच. सुलेखा वर जाऊन उभी राहिली, परीक्षक म्हणून. मी खाली उभा राहिलो, काय म्हणून ते मलाही माहीत नव्हतं. आईंनी साडीच्या निऱ्या खोचल्या, बुटांची नाडी बघितली, डावा हात भिंतीला लावला. दगडावर तो हात जरा जास्तच वेळ राहिला. मग त्या चढू लागल्या. एक पाऊल, थांबणं. एक पाऊल, थांबणं. कुणाचा हात नाही, कुठे बसणं नाही. मागे एक इंग्रज जोडपं निमूट खोळंबलं होतं. त्या माणसाने मला हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हणालो, परीक्षा चालू आहे. त्याने मान डोलावली आणि टोपी काढली. इंग्रजांचं हे मला आवडलं.

वर पोचून आई वळल्या. मी मागोमाग चढलो, आणि मग मला ते दिसलं: एका बाजूला खरंच काही नव्हतं. कठडा नाही, तार नाही, नुसती धार आणि खाली कुणाची तरी बाग. व्हिडिओत ही गोष्ट मी कितीदा पाहिली होती. माझे पाय दगडाला चिकटले. मी दुसऱ्या बाजूच्या भिंतीला दोन्ही तळवे लावले आणि खेकड्यासारखा आडवा सरकू लागलो. समोरून येणारी चिमुरडी पोरं माझ्याकडे बघून शहाण्यासारखी बाजूला झाली.

"प्रतापराव," पुढून आवाज आला, "घाई नाही. सावकाश या. आरामाचाच दिवस आहे."

त्या तटाच्या मधोमध चालत होत्या. पदर वाऱ्यावर. ऊन पडलं होतं आणि ओली दगडी वाट चमकत होती. एका वळणावर सगळं शहर उघडलं, छपरं, धुराडी, झाडांची पिवळी पानं, आणि त्यांच्यावर ते प्रचंड चर्च, बाळ नव्हे, खुद्द आजोबा. आई थांबल्या. सुलेखा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे ओले होते आणि आवाज मुद्दाम कडक.

"आई. किती देऊ?"

आईंनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघायचा प्रयत्न केला. डावीकडून, मग उजवीकडून.

"पस्तीस पुरेत," त्या म्हणाल्या. "आता बाजूला हो गं, मला दिसत नाहीये."